नेवाळी धावपट्टी

ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील दुसऱ्या महायुद्धकालीन, वापरातून गेलेली विमान-धावपट्टी. कल्याणच्या दक्षिणेस, मलंगगडाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ती आहे. काटई–बदलापूर मार्ग हा रस्ता जिथे ओलांडतो त्या नेवाळी नाक्यावरून पुढे नेवाळी, भाल, डावलपाडा वगैरे गावांच्या शिवारात हा पट्टा पसरला आहे. दक्षिणेकडे मलंगगडाचे सुळके दिसतात. त्या डोंगररांगेपलीकडे रायगड जिल्ह्यातील पनवेलचा सखल प्रदेश लागतो.

इतिहास : युद्धकाळात कल्याणचा परिसर ब्रिटिशांच्या लष्करी हालचालींचे मोठे ठाणे होता. जवळच्या ‘कल्याण कॅम्प’मध्ये सैनिकांसाठी बराकी उभ्या राहिल्या. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. विमानतळासाठी नेवाळी परिसरातील भातजमिनी 1942-43च्या सुमारास ताब्यात घेण्यात आल्या. हे क्षेत्र 1,600 एकरांहून अधिक असल्याचे सांगितले जाते. युद्ध संपल्यावर विमानांची ये-जा थांबली. कॅम्पच्या जागी शहर वसले. धावपट्टीवर मात्र गवत वाढले आणि आसपासच्या जमिनीत गावकरी पुन्हा भात लावू लागले.

जमिनीचा प्रश्न : नेवाळीची खरी महत्त्वाची बाजू हीच आहे. जमीन युद्धापुरती घेतली होती, ती मूळ मालकांना परत मिळायला हवी होती, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. जमीन रीतसर संपादित झालेली असून ती संरक्षण खात्याची आहे, असा नौदलाचा दावा. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसेल तर पीककर्ज, नुकसानभरपाई, वारसनोंद हे सारेच अडते. त्यामुळे हा वाद दफ्तरापुरता उरला नाही. नौदलाने संरक्षक भिंत बांधायला घेतल्यावर 22 जून 2017 रोजी आंदोलनाचा भडका उडाला. रस्ते अडवले गेले, पोलिसांची वाहने जाळली गेली, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. शेतकरी आणि पोलीस, दोन्हीकडचे लोक जखमी झाले. अनेक गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. ते मागे घ्यावेत ही मागणी पुढे चालू राहिली.

नेवाळी परिसरात आगरी समाजाची मोठी वस्ती आहे. रायगडच्या किनारपट्टीवर, उरण-पनवेल भागात, याच समाजाने जमिनीसाठी मोठा लढा दिला. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेच्या जमीन-संपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात 16 व 17 जानेवारी 1984 रोजी पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. नेवाळीला तसे काही मिळालेले नाही, आणि ही उणीव नोंदवणे आवश्यक आहे.

विमानतळाचा विचार : मुंबईच्या दुसऱ्या विमानतळासाठी ठरलेल्या पनवेलजवळच्या नवी मुंबईच्या जागेबाबत खारफुटीचा मुद्दा उपस्थित झाला, तेव्हा पर्यायी जागा म्हणून कल्याणचे, म्हणजे नेवाळीच्या या धावपट्टीचे, नाव पुढे आले होते. नोव्हेंबर 2010मध्ये नवी मुंबईच्या जागेला पर्यावरण मंजुरी मिळाली आणि हा विचार मागे पडला. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले.

अर्थव्यवहार : पावसाळी भात हे मुख्य पीक. कल्याण, उल्हासनगर आणि अंबरनाथच्या कारखान्यांत रोजगार.

दळणवळण : कल्याण स्थानकाहून मलंगगडाकडे जाणाऱ्या बस नेवाळी नाक्यावरून जातात. माघ पौर्णिमेच्या मलंगगड यात्रेत या रस्त्यावर मोठी गर्दी असते.