आधी वाटणी, मग दान : दिंडीच्या मुक्कामाच्या जागेची हकीकत

दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकऱ्यांचं, चोपदारांचं इतरांनी लिहिलं आहेच. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. आमच्याकडे वाटेवरच्या मुक्कामाच्या दहा गुंठ्यांची हकीकत आली. ती सांगायची तर जमिनीचा कायदाही थोडा सांगावा लागेल.

ही जागा आमच्या आजोबांच्या काळात एका माळकऱ्याने दिली. हातावर तुळशीपत्र ठेवलं, 'ही विठोबाची' म्हणाला, झालं. कागद नाही. उताऱ्यावर नाव त्याचंच राहिलं. तो वारला, मुलांचं लागलं. मुलं गेली, नातवांचं लागलं. दिंडी दरवर्षी उतरायची, कुणी हटकलं नाही. पुढं रस्ता रुंद झाला, जमिनीला भाव आला, आणि एका नातवाने कुंपण घातलं. त्या वर्षी आपली पंगत रस्त्याच्या कडेला बसली.

आम्ही तलाठ्याकडे गेलो, मग वकिलाकडे. तिथं कळलं की सातबारा म्हणजे मालकीचा ताम्रपट नव्हे. सात नंबरात कब्जेदार, बारा नंबरात पीकपाणी, आठ-अ वर खातेदाराची एकूण जमीन. फेरफार मंजूर झाला की नाव लागतं. ती नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरतात, पण नोंदीनं मालकी जन्मत नाही. मालकी येते खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वाटणीने, वारसाने, मृत्युपत्राने. जमिनीचं बक्षीसपत्र नोंदवावंच लागतं, हा १८८२ सालचा कायदा. देवाला तोंडी सोडलेली जमीन कोर्ट कधीकधी मानतं, पण ते शाबीत करायला साक्षीदार पाहिजेत. आमचे सगळे वैकुंठाला गेलेले.

दुसरी अडचण मोठी. जमीन वडिलार्जित. स्वतः कमावलेली माणूस सगळी देऊ शकतो. वडिलार्जितात एकट्याचा शब्द पुरत नाही, कारण हिस्सेदार अनेक. हिस्सेदार कोण, हेही शंभर वर्षांत बदललं. पूर्वी मुलीला साडीचोळी, जमीन नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या पश्चात त्याच्या हिश्श्यात विधवा आणि मुलगी वारस झाल्या. १९९४ साली आपल्या राज्याने तोवर लग्न न झालेल्या मुलींना मुलासारखा जन्माचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर सगळ्या मुलींना मिळाला. २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या दिवशी बाप हयात असो वा नसो, हक्क आहेच.

आपल्या उताऱ्यावर मात्र नातींची नावंच नव्हती. आम्ही त्यांच्या सासरी गेलो. थोरली ऐंशीच्या पुढची. ती म्हणाली, "माझा हिस्सा विठोबालाच. पण आधी माझं नाव लागू द्या. नाव नसलेल्या बाईने काय दान करायचं?"

तुकोबारायांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे आपण कीर्तनात रंगवून सांगतो. पण त्याआधी निम्मी खतं त्यांनी धाकट्या कान्होबाला वाटून दिली, असं चरित्रात आहे. बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. दुसऱ्याच्या हिश्श्याचं दान होत नाही, ते हेच.

बहिणींची नावं लागली. थोरलीने सही केल्यावर कुंपण घालणाऱ्या भावानेही केली. त्याआधी दिंडीची संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदवली होती. शेतजमीन म्हणून सरकारी परवानगी काढली, मग बक्षीसपत्र नोंदवलं. आता विश्वस्तांनाही धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून ती जागा विकता येणार नाही.

माळकऱ्यांना एवढंच सांगणं. मृत्युपत्राचा कायदा १९२५ चा, आपल्या दिंडीच्याच वयाचा. धडधाकट असताना, स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हयात असेपर्यंत ते बदलताही येतं. आणि पुढच्या आषाढीआधी घरचा उतारा काढून बघा, त्यावर बहिणीचं नाव आहे का.

रामकृष्ण हरी.