उमेदवारीपासून शुल्कापर्यंत : परकीय चलन व्यापाराच्या सशुल्क प्रशिक्षणाचे ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :
पेढीवर किंवा कारखान्यात उमेदवारी करून धंदा शिकणे ही आपल्याकडील परिचित रीत आहे. उमेदवार कमी वेतनावर राबतो, मालक त्याच्या श्रमातून आपला मोबदला मिळवतो आणि त्या बदल्यात धंद्यातील खाचाखोचा शिकवतो. परकीय चलनाच्या व्यापाराचे शिक्षणही दीर्घकाळ याच पद्धतीने दिले जात होते. गेल्या पाव शतकात मात्र हे चित्र पालटले. हजारो रुपयांपासून काही लाखांपर्यंत शुल्क आकारून 'फॉरेक्स ट्रेडिंग' शिकविणारे वर्ग मोठ्या प्रमाणावर निघाले. नोकरीच्या शोधातील पदवीधर, निवृत्त कर्मचारी आणि गृहिणी हा त्यांचा प्रमुख ग्राहकवर्ग होय. या शुल्काच्या मोबदल्यात विद्यार्थ्याच्या पदरी नेमके काय पडते, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात इतिहासाच्या आधारे केला आहे.

उद्दिष्टे :
१. परकीय चलन व्यापाराच्या प्रशिक्षणपद्धतीतील स्थित्यंतराचा मागोवा घेणे.
२. प्रशिक्षकाच्या उत्पन्नाचा स्रोत आणि प्रशिक्षणाची उपयुक्तता यांतील संबंध तपासणे.
३. भारतीय विद्यार्थ्यासाठी मूल्यमापनाच्या कसोट्या निश्चित करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून नियामक संस्थांची परिपत्रके, अहवाल आणि प्रकाशित ग्रंथ या साधनांचा आधार घेतला आहे.

१) बाजाराची जडणघडण :
१९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानुसार प्रमुख चलनांचे दर डॉलरशी आणि डॉलर सोन्याशी बांधलेला होता. दर जवळजवळ स्थिर असल्याने सट्ट्याला फारसा वाव नव्हता. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरची सोन्यातील परिवर्तनीयता स्थगित केली आणि १९७३ मध्ये प्रमुख चलने तरती झाली. तत्पूर्वीच १६ मे १९७२ रोजी शिकागो येथे लिओ मेलामेड यांच्या पुढाकाराने चलन वायद्यांचा बाजार सुरू झाला होता. आंतरराष्ट्रीय तडजोड बँकेच्या पाहणीनुसार एप्रिल २०२५ मध्ये जगातील परकीय चलनाची दैनंदिन सरासरी उलाढाल ९.६ लाख कोटी डॉलर होती. या उलाढालीत बँका आणि वित्तीय संस्थांचाच वाटा प्रचंड असून किरकोळ सटोडियाचे स्थान नगण्य आहे. ज्या प्रतिपक्षाशी विद्यार्थ्याला सामना द्यावयाचा आहे त्याचे बळ यावरून ध्यानी येते.

२) उमेदवारीचा कालखंड :
भारतात १९७८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना दिवसांतर्गत परकीय चलन व्यवहारांची मुभा दिली. त्यानंतर मुंबईतील बँकांच्या डीलिंग रूममधून व्यवहारकुशल अधिकारी घडू लागले. हे अधिकारी पगार घेऊन शिकत. त्यांच्या चुकांचे नुकसान बँक सोसे. म्हणूनच त्यांच्या व्यवहारांवर मर्यादा घालणे आणि त्यांना नीट शिकविणे यांत बँकेचे थेट हित होते.

व्यापार शिकविता येतो काय, या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोगही याच पद्धतीचा होता. शिकागोतील सटोडिये रिचर्ड डेनिस आणि त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांच्यात याविषयी मतभेद होता. हे कौशल्य शिकविता येते असे डेनिस म्हणत, तर ते उपजत असते असे एकहार्ट यांचे मत होते. वाद निकाली काढण्यासाठी १९८३ च्या अखेरीस वृत्तपत्रांत जाहिरात देण्यात आली. हजारांहून अधिक अर्जांतून मोजक्या उमेदवारांची निवड झाली. त्यांना सुमारे दोन आठवडे शिकविण्यात आले. हे उमेदवार पुढे 'टर्टल' म्हणून ओळखले गेले. त्यांना शिकविलेल्या नियमांत वीस आणि पंचावन्न दिवसांच्या उच्चांक-नीचांकावरून खरेदी-विक्री, किमतीच्या चढउताराच्या प्रमाणात सौद्याचा आकार आणि प्रत्येक सौद्यातील तोट्याला आधीच ठरविलेली मर्यादा यांचा समावेश होता. येन, पौंड, जर्मन मार्क, स्विस फ्रँक ही चलने त्यांच्या व्यवहारांत होती.

या प्रयोगाचा दाखला सशुल्क वर्गांच्या जाहिरातींत वारंवार दिला जातो. त्यातील आर्थिक व्यवस्था मात्र सहसा सांगितली जात नाही. डेनिस यांनी शिष्यांकडून शुल्क घेतले नाही. भांडवल त्यांनी स्वतःचे दिले आणि नफ्यातील १५ टक्के वाटा शिष्यांना देऊ केला. शिष्य यशस्वी झाला तरच गुरूला लाभ होता, आणि अपयशी शिष्याला वगळणे हेही गुरूच्याच हिताचे होते. निवड अत्यंत कठोर असूनही सर्व शिष्य टिकले नाहीत. खुद्द डेनिस यांना १९८७-८८ च्या सुमारास मोठे नुकसान झाले आणि १९८८ मध्ये हा उपक्रम थांबला. पुढे काही माजी शिष्यांनी हेच नियम शुल्क आकारून शिकविले. कर्टिस फेथ यांच्या 'वे ऑफ द टर्टल' (२००७) या ग्रंथातून ते कोणालाही पुस्तकाच्या किमतीत उपलब्ध झाले. तथापि नियम सर्वश्रुत झाल्याने वाचक धनाढ्य झाले असे घडले नाही. याचा अर्थ असा की, नियमांची माहिती हा या प्रयोगाचा केवळ एक भाग होता. पुरेसे भांडवल, शिस्त आणि तोटा सोसणारा आश्रयदाता हे त्याचे उर्वरित भाग होत, आणि ते शुल्क भरून मिळत नाहीत.

३) शुल्काचा कालखंड :
इंटरनेटमुळे २००० नंतर सामान्य ग्राहकाला घरबसल्या चलन व्यवहार करणे शक्य झाले. अल्प मार्जिनवर मोठा सौदा करू देणारे लिव्हरेज हे या धंद्याचे मुख्य आकर्षण ठरले. पन्नास पट लिव्हरेजवर १०० डॉलरच्या ठेवीतून ५,००० डॉलरचा सौदा होतो. दर २ टक्के प्रतिकूल गेला की संपूर्ण ठेव बुडते. अमेरिकेने २०१० मध्ये प्रमुख चलनांसाठी ५० पटींची मर्यादा घातली. युरोपीय नियामक 'एस्मा'ने २०१८ मध्ये ती ३० पटींवर आणली. या व्यवहारांत ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात जातात, असे 'एस्मा'ने त्या वेळी नमूद केले होते.

बहुसंख्य ग्राहक हरत असताना नव्या ग्राहकांची सतत गरज भासते. प्रशिक्षण वर्ग ही गरज भागवितात. काही प्रशिक्षकांना ब्रोकरकडून ग्राहक आणल्याबद्दल दलाली मिळते, म्हणजे शुल्क आणि दलाली अशी दुहेरी मिळकत होते. विद्यार्थी जिंको वा हरो, या मिळकतीवर त्याचा परिणाम होत नाही. अमेरिकेत फेब्रुवारी २०२० मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने 'ऑनलाइन ट्रेडिंग अकॅडमी' या संस्थेविरुद्ध दावा दाखल केला. ५०,००० डॉलरपर्यंत शुल्क असलेल्या अभ्यासक्रमांची विक्री उत्पन्नाच्या निराधार दाव्यांवर केल्याचा आरोप त्यात होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन अनेक ग्राहकांची थकीत कर्जे माफ करण्याचे संस्थेने मान्य केले.

४) भारतातील कायदेशीर चौकट :
भारतीय विद्यार्थ्याच्या बाबतीत उपयुक्ततेआधी कायदेशीरपणाचा प्रश्न उभा राहतो. परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा) १ जून २००० पासून अमलात आला. उदारीकृत प्रेषण योजनेखाली परदेशात चलन व्यापारासाठी किंवा मार्जिनसाठी पैसा पाठविण्यास परवानगी नाही. मान्यताप्राप्त बाजारात चलन वायदे प्रथम २९ ऑगस्ट २००८ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू झाले; डॉलर-रुपया सौद्याचा आकार १,००० डॉलर होता. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनधिकृत मंचांची ३४ नावे असलेली सावधगिरीची यादी प्रथम प्रसिद्ध केली आणि पुढे ती वाढविली. ३ मे २०२४ पासून रुपयाशी निगडित बाजारी चलन सौद्यांसाठी प्रत्यक्ष परकीय चलनाची जोखीम असणे आवश्यक ठरले. आयात-निर्यातदाराला अशी जोखीम असते, केवळ सट्टा करू इच्छिणाऱ्या पदवीधराला नसते. परदेशी मंचावर व्यवहार करण्यास शिकविणारा वर्ग त्यामुळे विद्यार्थ्याला कायदेभंगाच्या वाटेवर नेतो. ती वाट दाखविण्यासाठी तो शुल्कही घेतो.

चलन व्यवहाराचे नसले तरी जवळचे भारतीय प्रमाण उपलब्ध आहे. 'सेबी'च्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभाग वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

५) मूल्यमापनाच्या कसोट्या :
सर्व शुल्क निरर्थक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. निर्यातदाराच्या कर्मचाऱ्याला जोखीम-संरक्षण शिकविणारा किंवा सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेच्या चलन परीक्षेची तयारी करून घेणारा वर्ग उपयुक्त ठरतो, कारण त्याचे फळ नोकरीत मिळते आणि ते पडताळता येते. इतर वर्गांसाठी पुढील कसोट्या सुचविता येतील.

पहिली, प्रशिक्षकाचे मुख्य उत्पन्न व्यापारातून येते की शुल्कातून, याचा लेखापरीक्षित पुरावा आहे काय? निवडक नफ्याची चित्रे हा पुरावा नव्हे. दुसरी, मागील सर्व विद्यार्थ्यांचा, म्हणजे मध्येच सोडून गेलेल्यांसह, हिशेब दिला जातो काय? तिसरी, शिकविलेला व्यवहार भारतात कायदेशीर आहे काय? चौथी, शुल्काचे भांडवलाशी प्रमाण काय? समजा, विद्यार्थ्याजवळ एक लाख रुपये असून शुल्क ५० हजार आहे. उरलेल्या ५० हजारांवर त्याने दरवर्षी १२ टक्के नफा मिळविला आणि तो पुन्हा गुंतविला, तरी मूळ लाख भरून यावयास सहा वर्षांहून अधिक काळ लागेल. शुल्काने त्याचे निम्मे भांडवल पहिल्याच दिवशी घटविलेले असते.

निष्कर्ष :
१. परकीय चलन व्यापार काही मर्यादेत शिकविता येतो. मात्र यशस्वी ठरलेल्या प्रशिक्षणात शिकविणाऱ्याने स्वतःचा पैसा पणाला लावलेला होता.
२. प्रशिक्षकाचे उत्पन्न शुल्कातून व दलालीतून येऊ लागल्यावर त्याचे हित विद्यार्थ्याच्या यशापासून तुटले.
३. २०२४ नंतर भारतातील सामान्य व्यक्तीला रुपयाशी निगडित चलन सौद्यांत निव्वळ सट्ट्यासाठी कायदेशीर वाव उरला नाही. त्यामुळे त्यासाठी मोठे शुल्क भरणे समर्थनीय ठरत नाही.
४. महाविद्यालयांनी वाणिज्य व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लिव्हरेज, फेमा आणि जाहिरातींची चिकित्सा यांचे प्राथमिक शिक्षण विनामूल्य दिल्यास अनेक कुटुंबांची बचत सुरक्षित राहील. उमेदवाराच्या चुकीची झळ मालकालाही बसत असे. शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या चुकीची झळ केवळ त्याच्या घराला बसते.