वऱ्हाडातलं सोयाबीन : शेतात आलं, ताटात का नाही?



विषय आहाराचा आणि वक्ता तत्त्वज्ञानाचा, हे कसं, असं कुणाच्याही मनात येईल. मी आहारतज्ज्ञ म्हणून बोलत नाही. माझा प्रश्न इतिहासाचा आहे. सोयाबीनच्या शंभर ग्रॅम दाण्यांत ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात. तुरीच्या डाळीत साधारण २२. अमरावती-अकोल्याची शेतं सोयाबीननं भरलेली आहेत. मग ते आपल्या ताटात का आलं नाही?

हे धान्य आपल्याकडे दोनदा आलं. पहिल्यांदा आलं ते अन्न म्हणून, आणि तेही शेजारी वर्ध्याला. १९३५ साली गांधीजींनी मगनवाडीच्या जेवणात सोयाबीनचा प्रयोग केला, ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. गरिबाला दूध परवडत नाही, त्याची उणीव एखाद्या स्वस्त कडधान्यानं भरून निघेल का, हा त्यामागचा विचार. त्याच सुमारास बडोदा संस्थानात फ. शं. काळे यांनी सोयाबीनवर अख्खा ग्रंथ लिहिला. तो १९३६ साली निघाला. पण हे सगळं प्रयोगापुरतंच राहिलं.

दुसऱ्यांदा सोयाबीन आलं ते १९६० नंतर. जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकी पिवळ्या वाणांच्या चाचण्या झाल्या. १९६७ मध्ये अखिल भारतीय संशोधन प्रकल्प सुरू झाला. प्रथिनांची चर्चा तेव्हाही होतीच. पण पीक पसरलं ते तेलाच्या कारखान्यांमुळे. आधी मध्य प्रदेश, मग आपला वऱ्हाड. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अमरावती केंद्रानं तर स्वतःचे वाण काढले.

शेतकऱ्यानं ते का घेतलं? कपाशीवर बोंडअळी, भावाचा भरवसा नाही, वेचणीला मजूर नाही. सोयाबीन शंभरेक दिवसांत हाती येतं, दसरा-दिवाळीला पैसा देतं, आणि रान हरभऱ्याला मोकळं करतं. हा हिशेब चुकीचा नव्हता. पण त्यानं जागा कोणाची घेतली, तेही बघा. ज्वारीची, मुगाची, उडदाची. ज्वारीच्या रानातून माणसाला भाकर मिळायची आणि ढोरांना कडबा. आता रोख रक्कम मिळते, आणि डाळ दुकानातून येते.

आता एका क्विंटल सोयाबीनचं काय होतं? कारखान्यात साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड उरते. प्रथिनं तेलात जात नाहीत, ती सगळी पेंडीत राहतात. ही पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, परदेशी जाते. आपल्या स्वयंपाकघरात येतो तो तेलाचा डबा. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर आपला कापूस मँचेस्टरला गेला आणि कापड होऊन परत आला. इथं तर प्रथिनं परतही येत नाहीत. आणि ज्या जिल्ह्यात हे पिकतं, त्याच अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. कुपोषण म्हणजे काय, ते आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

मग सोयाबीन खावं का? खावं, पण ते औषध म्हणून नव्हे. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं १९९९ मध्ये रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनं हृदयाला हितकर, असा दावा करायला परवानगी दिली. २०१७ मध्ये पुरावा पुरेसा ठाम नाही म्हणून तीच परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडला. कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, चमत्कार होत नाही. खरा लाभ साधा आहे. ज्वारी-गव्हात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असतं, सोयाबीनमध्ये ते भरपूर. भाकरीला वरणाची जोड का लागते, त्याचं हेच तर कारण! आपल्या आज्यांना लायसीन माहीत नव्हतं, जोड माहीत होती.

कच्चं सोयाबीन मात्र खाऊ नये. त्यातला एक घटक प्रथिनं पचू देत नाही, आणि तो उष्णतेनं निकामी होतो. म्हणून दाणे चांगले उकळून, वाळवून, दळून आणावेत. नऊ वाटे गव्हाला एक वाटा. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं.

माझं म्हणणं एवढंच, की अन्न आणि माल यांत भेद आहे. माल विकला की आपला त्याच्याशी संबंध संपतो, अन्नाचा संपत नाही. सगळं सोयाबीन बाजारात न्यायच्या आधी चार पायल्या घरासाठी काढून ठेवा. ज्वारी-तुरीच्या बाबतीत आपण हेच करत होतो.