जागल, पहारा, पाळत : दक्षतावाचक शब्दांचा एक प्रादेशिक इतिहास

रोह्याजवळ, कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवून उभ्या असलेल्या दुर्गाचे नाव अवचितगड असावे, ही गोष्ट अर्थविचाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. 'अवचित' म्हणजे ध्यानीमनी नसता. जे टाळण्यासाठी दुर्ग बांधावयाचा, तेच त्याच्या नावात येऊन बसले आहे. या नावाची कुळकथा सांगण्याचा येथे हेतू नाही. दक्षतेची शब्दकळा बेसावधपणाच्या भयाशी किती जवळून निगडित असते, एवढेच या उदाहरणावरून सुचवावयाचे आहे.

या शब्दकळेतील सर्वांत रुळलेला शब्द 'पहारा'. सामान्य भाषिक त्याचा संबंध 'पाहणे'शी जोडतो, आणि हा संबंध इतका स्वाभाविक वाटतो की तो चुकीचा आहे हे मुद्दाम सांगावे लागते. 'पहारा'चे मूळ 'प्रहर' आहे. अहोरात्राचे आठ भाग, प्रत्येक सुमारे 3 तासांचा, आणि त्या प्रत्येकाच्या अखेरीस घंटेवर पडणारा टोला. 'प्र' उपसर्गासह 'हृ' धातूतील आघाताचा अर्थ येथे जिवंत आहे. म्हणजे पहारेकऱ्याला नाव मिळाले ते तो पाहतो म्हणून नव्हे, तर रात्रीचा एक मोजलेला तुकडा त्याच्या वाट्याला येतो म्हणून. लॅटिनमधील 'विजिलिया' रात्रीच्या चार भागांना आणि जागरणालाही लागू होत असे. इंग्रजी 'वॉच'चेही तेच. काळाची विभागणी आणि श्रमाची विभागणी या ठिकाणी एकाच शब्दात वावरतात.

याउलट 'गस्त' फारसीतून आली आणि तिच्या मुळाशी फिरणे आहे. 'खबरदार' हा मूळचा वार्ता बाळगणारा. मराठीत तो धमकीचा उद्गार झाला. 'हुशार' शुद्धीवर असणारा. तो मराठीत बुद्धिमान ठरला. हिंदीत 'चौकस' सावध असतो, मराठीत तो प्रश्न विचारीत बसतो आणि त्यातूनच 'चौकशी' निघते. हे अर्थांतर मनोरंजक आहे खरे, परंतु त्यात फार गुंतण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न 'जागल' या शब्दाचा आहे. 'जागृ' धातूपासून आलेला हा शब्द मोल्सवर्थच्या कोशात गावराखणीच्या अर्थाने नोंदला गेला आहे, आणि 'जागल्या' हा त्या कामाचा धनी. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गाव-गाडा'त (1915) वतनी व्यवस्थेचे जे चित्र आहे, त्यात ही जागल कोणाच्या अंगावर पडते हे स्पष्ट होते. वेशीवर राहणाऱ्या 'वेसकरा'ने गाव राखावयाचे आणि गावाने त्याला वेशीच्या आत येऊ द्यावयाचे नाही. ज्या कुलाबा जिल्ह्यात (1981 पासून रायगड) 1927 साली महाडचा सत्याग्रह झाला, त्यात पेण आणि रोहे हे तालुकेही होते. त्यानंतर लगेच, 1928 साली, डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र 1958 उजाडावे लागले. जागरण हे पुण्यकर्म आणि जागल ही वेठ, असा भेद एकाच धातूच्या दोन रूपांत आमच्या भाषेने केला. हा भेद निव्वळ भाषिक आहे असे मानणे मला शक्य नाही.

वाङ्मयाने यातील पहिलेच रूप उचलले. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांकडे 'अवधान' मागून होतो. 'अवधाना'सह जो असतो तो 'सावध', हे रामदासांच्या लेखनात नीतितत्त्व बनते. मंगलाष्टकांच्या शेवटी ते विधीचे वचन होते. 'दक्ष' मूळचा कार्यक्षम, समर्थ. 'दक्षिण' हात त्याच कुळातला. तोही पुढे कवायतीच्या आज्ञेत आणि 1964 च्या केंद्रीय दक्षता आयोगाच्या नावात जागरूकतेचा वाचक झाला. या प्रवासात रात्रभर प्रत्यक्ष जागणारा देह कोठेही येत नाही.

तो देह पेणच्या खारेपाटात शोधावा लागतो. धरमतरच्या खाडीकाठी समुद्राचे पाणी बांध घालून अडविलेली शेती आहे. येथे राखण शत्रूपासून नसते, उधाणाच्या भरतीपासून असते. बांधात एखादे बीळ पडले, ते वेळीच दिसले नाही, की खांड जाते. खारे पाणी शिरलेली जमीन पुढे काही वर्षे नापीक होते. शिलोत्री पद्धतीत बाहेरचा बांध शाबूत ठेवण्याच्या बदल्यात शिलोत्रीदार कुळांकडून धान्याच्या रूपाने हिस्सा घेई. म्हणजे राखणे हे येथे उत्पन्नाचे साधन झाले. 'जोळ' पद्धतीत तेच काम शेतकरी एकत्र येऊन करीत. पुढे 1948 आणि 1979 च्या खारजमीनविषयक कायद्यांनी बांधाची जबाबदारी शासकीय यंत्रणेकडे नेली. बांध, खांड, उघाडी हे शब्द खारेपाटात आजही बोलले जातात. मराठी समीक्षेच्या परिभाषेत त्यांना कधी जागा मिळाली नाही, दुर्गांच्या मेट आणि माची यांना मात्र ऐतिहासिक कादंबरीने भरपूर दिली.

फूको यांच्या 1975 च्या ग्रंथाच्या मूळ फ्रेंच शीर्षकातील 'सुर्व्हेये' या क्रियापदासाठी मराठीत कोणता शब्द योजावा, हा प्रश्न या संदर्भात उद्बोधक ठरतो. 'देखरेख' फार सौम्य. 'पहारा' काळाशी बांधलेला. 'राखण' तर रक्षणाच्या बाजूचीच. उरते 'पाळत', आणि ती 'पाळणे'च्या इतकी जवळ आहे की सांभाळ कोठे संपतो आणि संशय कोठे सुरू होतो, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. इंग्रजी अनुवादकाने शीर्षकात 'शिस्त' या अर्थाचा शब्द घालून ही अडचण टाळली. मराठी अनुवादकाने ती टाळू नये, कारण जागल्यावर गावाने ठेवलेली नजर आणि गावावर जागल्याने ठेवलेली नजर या दोहोंना सामावणारा शब्द हाच आहे.

कोकणात 'राखण' हे सीमेवरच्या दैवताला द्यावयाच्या वार्षिक बळीचेही नाव आहे, आणि 'राखणदार' हे त्या दैवताचे. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांची पालखी दसऱ्याच्या सुमारास निघते, तेव्हा पोलीस त्यांना सशस्त्र मानवंदना देतात. पगारी पहारा दैवी राखणदाराला सलामी देतो. वतनी जागल्याला या दोघांच्या मध्ये कोठेही जागा नाही.