वसईची घंटा, नाशिकचा घाट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या नाशकाकडे मोठ्यानं आणि अखंड बोलणाऱ्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. लहानपणी हे बोलणं मीही खाल्लं आहे. पहिल्यांदा चांदवडहून नाशिकला गेलो, तेव्हा वडिलांनी मला मुद्दाम गोदाकाठी नेऊन ती खरी घंटा दाखवली. पंचवटीतलं हे देऊळ सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलं. घंटेवर मात्र साल आहे १७२१. म्हणजे देऊळ धाकटं आणि घंटा थोरली! मग ती आधी वाजत कुठं होती?

ती वाजत होती वसईला, पोर्तुगिजांच्या देवळात.

वसई म्हटलं की आपल्याला चिमाजीअप्पा आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याआधी दोनशे वर्षं तिथं एक युरोपीय बंदर नांदत होतं, हे आपण विसरतो. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्यामागे हुमायून लागला होता. त्या धास्तीनं त्यानं २३ डिसेंबर १५३४ रोजी वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना लिहून दिला. ज्यांच्या आधारासाठी हे केलं, त्यांच्याशीच झालेल्या झटापटीत तो १५३७ साली दीवच्या समुद्रात मेला. पुढं वसई पोर्तुगिजांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी झाली. आज मुंबईच्या लोकलचं एक स्टेशन म्हणून आपण वसईला ओळखतो. त्या काळी मुंबईच वसईच्या हाताखालचं एक बेट होती. १६६१ साली ती इंग्रजांच्या राजाला लग्नात आंदण मिळाली, आणि मग पारडं फिरलं.

दोन वर्षांपूर्वी मी हा किल्ला मनसोक्त हिंडलो. तटाला दहा बुरूज आहेत. एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. आत शहराच्या खुणा आहेत. सेंट जोसेफच्या देवळाचा उंच मनोरा उभा आहे. जेझुइटांच्या देवळाची दर्शनी भिंत कोरीव खांबांसह शाबूत आहे. फ्रान्सिस्कनांच्या देवळात पायाखाली थडग्यांचे दगड आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज मजकूर आहे. छप्पर नाही, वर आभाळ. हे शहर जहाजं बांधायचं, लाकूड आणि घडीव दगड बाहेर पाठवायचं. याच वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला, आणि १८६२ साली संत झाला.

या वैभवाला दुसरी बाजूही होती. पोर्तुगिजांच्या राज्यात हिंदूंना देवळं राखणं, सण करणं अवघड झालं होतं, आणि मुसलमानांचीही गत वेगळी नव्हती. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसं त्यासाठीच पेशव्यांकडे खेटे घालत होती. १७३७ साली मोहीम सुरू झाली. १७३९ च्या फेब्रुवारीत वसईला वेढा पडला आणि मे महिन्यात, सुरुंगांनी तट उडाल्यावर, किल्ला शरण आला. शेवटच्या हल्ल्यात मल्हारराव होळकर होते. आमच्या चांदवडचा रंगमहाल होळकरांचाच, त्यामुळे या लढाईची ऊब आम्हाला घरबसल्या मिळते. मला मात्र लढाईइतकाच तहही मोठा वाटतो. हरलेल्या फौजेला शस्त्रं आणि बायकामुलं घेऊन, वाजतगाजत बाहेर पडू दिलं गेलं.

घंटा तेवढ्या विजेत्यांबरोबर घाट चढल्या. एक भीमाशंकरला गेली. एक वाईजवळ मेणवलीला आहे. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. एक आमच्या गोदेवर आली. आजही पूर चढला की नाशिककर विचारतात, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का?

पण पोर्तुगीज गेले तरी ज्यांचा धर्म बदलला होता ती माणसं कुठं जाणार? ती तिथंच राहिली, आपली शेती, मासेमारी आणि बोली धरून. पोर्तुगिजांनी आपल्या सगळ्यांच्याच तोंडी पाव, बटाटा, पगार, चावी असे शब्द ठेवले. वसईच्या ख्रिस्ती घरांत मात्र आई लेकराला हाक मारते ती मराठीतच. त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हाही काहींनी विरोध केलाच. २०२४ च्या जुलैत ते गेले.

किल्ल्याच्या तटाला लागून कोळ्यांची वस्ती आहे, किल्लाबंदर. बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांशी बोलत बसलो. गळ्यात क्रूस. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, कविता लिहितो हेही सांगितलं.

“मराठीत?” त्यांनी विचारलं.

या प्रश्नाची मला सवय आहे. कविसंमेलनानंतर कोणी ना कोणी खांद्यावर हात ठेवून म्हणतोच, “वा, तुमचं मराठी किती शुद्ध हो!” त्यात प्रेम असतं, पण ते ऐकून मी दर वेळी थोडा परका होतो. मी काकांना हे सांगितलं. ते हसायला लागले. म्हणाले, “मासळी घेऊन दादरला जायचो, तेव्हा मलापण हेच विचारायचे.”

मग मी त्यांना त्यांच्या गावाच्या नावाची गंमत सांगितली. किल्ला हा शब्द अरबीतून आलेला, बंदर फारसीतून. त्यांनी जाळ्यातली सुई थांबवली, क्षणभर विचार केला, आणि म्हणाले, “असेल. पण आमचा पत्ता मराठीतच लिहितात.”