बोट लागते ती कानात!

सहलीची लाँच धक्का सोडते आणि थोड्याच वेळात एखादा विद्यार्थी पांढराफटक पडतो. त्याला घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटते. बोट 'लागली' असे आपण म्हणतो. बरोबरची मुले हसतात, आणि 'सकाळी काय खाल्लेस?' असे आपण विचारतो. दोष पोटाचा किंवा मनाच्या कच्चेपणाचा, हा समज फार जुना आहे. खरा दोष कोठे, हे कसे उमगले त्याची ही हकीकत.

चार्ल्स डार्विन १८३१ साली 'बीगल' जहाजावर चढला, तो १८३६ साली परतला. या पाच वर्षांत त्याची समुद्राची मळमळ काही गेली नाही. मनुका खाव्यात आणि आडवे पडावे, एवढाच त्याला उपाय सापडला होता.

पोलादाच्या पद्धतीमुळे आपल्या पाठ्यपुस्तकात आलेला हेन्री बेसेमर याने यंत्राचा उपाय योजला. १८६८ साली इंग्लिश खाडी ओलांडताना तो बेजार झाला होता. त्याने असे जहाज बांधवले की ज्यातील दिवाणखाना आसांवर टांगलेला असेल आणि जहाज डोलले तरी पाण्याच्या दाबावरील यंत्रणेने तो समतल राहील. मे १८७५ मध्ये हे जहाज उतारू घेऊन कॅले बंदरात शिरले, ते धक्क्याला धडकले. त्या दिवशी दिवाणखाना पक्का बांधूनच ठेवला होता! कंपनी बुडाली. जहाज धडकले नसते तरी हा उपाय अपुराच ठरला असता. कारण लाटेबरोबर सगळे जहाज वरखाली होते, ते या यंत्राने थांबणार नव्हते. आणि साधारण पाच सेकंदांना एक अशी संथ वरखाली हालचालच सर्वांत जास्त मळमळ आणते, हे पुढे प्रयोगांनी दिसून आले.

उत्तर मिळाले ते वेगळ्याच लोकांकडून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८८२ साली ५१९ कर्णबधिरांची माहिती प्रसिद्ध केली. गरगर फिरवल्यावर त्यांतील १८६ जणांना मुळीच चक्कर आली नाही. हार्वर्डच्या सुमारे २०० विद्यार्थ्यांत मात्र असा एकच निघाला. म्हणजे चक्कर येण्यासाठी अंतर्कर्ण शाबूत हवा! तेथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. ऐकण्याशी त्यांचा संबंध नाही. डोके कसे वळते ते त्या मेंदूला कळवतात. बोट लागण्याचेही कारण येथेच असावे, असे जेम्सला वाटले.

१९६० च्या दशकात याची कसोटी लागली. अंतराळप्रवासाच्या तयारीसाठी अमेरिकन नौदल आणि नासा यांनी अकरा कर्णबधिर पुरुषांवर चाचण्या घेतल्या. नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात ही मंडळी बोटीवर पत्ते खेळत बसली. आजारी पडले ते शास्त्रज्ञ. प्रयोगच थांबवावा लागला. समाज ज्याला उणीव म्हणतो, तिनेच येथे ज्ञानाची वाट दाखवली.

वर्गात एक प्रयोग करता येईल. पेल्यातील पाण्यावर कागदाचे कपटे टाका आणि पेला गोल फिरवून एकदम थांबवा. पेला थांबला तरी पाणी फिरतच राहते. नलिकांतील द्रवाचेही असेच होते. बंद खोलीत डोळे 'स्थिर आहे' म्हणतात, कान 'हलते आहे' म्हणतो. या विसंवादातून मळमळ उद्भवते.

सहलीतील उपायही यावरूनच सुचतात. जेथे हेलकावे कमी, त्या बोटीच्या मध्यभागी बसावे. उघड्यावर क्षितिजाकडे नजर ठेवावी, म्हणजे डोळे आणि कान एकच सांगतात. पुस्तक वाचू नये. उपाशी निघू नये, तुडुंब जेवूनही नाही. १९४७ साली सैनिकांच्या जहाजावर तपासलेले डायमेनहायड्रिनेट हे औषध उपयोगी पडते. पण ते निघण्यापूर्वी अर्धा-एक तास आणि डॉक्टरांना विचारूनच द्यावे, कारण त्याने झोप येते. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही.

आणि त्या विद्यार्थ्याला मुले हसू लागली, तर त्यांना एवढेच सांगावे: त्याचा अंतर्कर्ण आपले काम चोख करतो आहे.