व्हेक्शो नगरपरिषदेचा १९९६ चा ठराव : एक पुनर्विचार

स्वीडनच्या दक्षिण भागात, स्मोलांड प्रांतातील अरण्ये व सरोवरे यांच्या सान्निध्यात व्हेक्शो हे नगर वसलेले आहे. कोळसा, खनिज तेल आदी भूगर्भीय इंधनांचा वापर नगराने क्रमाने सोडून द्यावा, असा ठराव तेथील नगरपरिषदेने १९९६ साली सर्व पक्षांच्या संमतीने केला. दरडोई कर्बवायूचे उत्सर्जन १९९३ च्या मानाने २०१० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्टही पुढे ठेवण्यात आले. स्थानिक शासनसंस्थांच्या ऊर्जाधोरणाविषयी लिहिणारे लेखक बहुधा या ठरावापासूनच आरंभ करतात. आमच्या मते ही कालगणना सदोष आहे.

ठरावाच्या पुष्कळ आधी, १९७० नंतरच्या दशकात, नगराच्या मालकीच्या ऊर्जा कंपनीने भूमिगत नळांवाटे घरोघर उष्ण पाणी पोहोचविण्याची व्यवस्था उभारली होती. इंधन अर्थातच तेल होते. १९७३ साली तेलाचे भाव भडकले. सभोवार अरण्ये आणि लाकूडकटाईनंतर उरणाऱ्या फांद्या, साली व भुसा यांची विपुलता, ही परिस्थिती लक्षात घेऊन १९८० मध्ये सांदविक येथील केंद्रात तेलाऐवजी लाकडाच्या ढलप्या जाळण्याची सोय करण्यात आली. या कामी पुढाकार घेणारे स्वीडनमधील हे पहिले नगर होय. त्यामागील हेतू काटकसरीचा होता. वातावरणाची चिंता त्या वेळी कोणाच्या मनात फारशी नसावी.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. हजारो घरांतील हजारो भट्ट्या कोणत्याही ठरावाने बदलता येत नाहीत. पण सर्व नळ जेथून निघतात ती एक भट्टी परिषदेच्याच ताब्यात असेल, तर ती बदलता येते, आणि घरमालकाला त्याची खबरही लागत नाही. १९९१ साली स्वीडिश शासनाने कर्बवायूवर कर बसविला, तेव्हा तेलापेक्षा लाकूड अधिकच परवडू लागले. सांदविक येथे पुढे १९९७ मध्ये एक व २०१५ मध्ये आणखी एक संच उभा राहिला. (१९७०-७१ मध्ये त्रुमेन सरोवरातील गाळ उपसून ते शुद्ध केल्याच्या अनुभवाने पक्षापक्षांत सहकार्याची सवय रुजली, असे काही जण म्हणतात. ते खरेही असेल. परंतु सवयीपेक्षा नळ अधिक टिकाऊ.)

याचा पडताळा उलट बाजूनेही येतो. २०१० चे उद्दिष्ट मुदतीत साधले नाही. घरे तापविण्यातील तेल जवळजवळ नाहीसे झाले, पण रस्त्यावरील वाहतूक राहिली. कारण मोटारी नागरिकांच्या, इंधनावरील कर राष्ट्राचा. परिषदेच्या हाती येथे एकही नळ नव्हता.

शिवाय उत्सर्जनाच्या नोंदीत जळणाऱ्या लाकडातून निघणारा कर्बवायू शून्य धरला जातो. तोडलेले अरण्य पुन्हा वाढते, हे त्याचे समर्थन. त्यास लागणारी दशके हिशेबात कशी धरावीत, याविषयी शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही.